भट्टीच्या मावशींचा रंग

मावशींचं आणि माझं वीस वर्षांत एकदाही पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागलो की लोक म्हणायचे, हा ओळखीतला म्हणून बोलतोय. ओळख होती, पण ती भांडणातून झालेली. मी हॉस्पिटलचा भांडारपाल. साबण, सोडा, ब्लीच, फिनेल, कापूस, बल्ब, सगळं माझ्या कुलपात. मावशी तळघरातल्या धुलाईच्या मुख्य. मला मागणीचा कागद हवा असायचा आणि त्यांना साबण. "कागदानं कपडे निघत नाहीत, भाऊ," असं त्या म्हणायच्या. "साबण झाडाला लागत नाही, मावशी," असं मी म्हणायचो. मग त्या कागदावर सही करायच्या, तीसुद्धा ओल्या हातानं, म्हणजे शाई पसरून माझा कागद वाया जाईल.

बाई ठेंगणी, पण मनगटं पैलवानाची. सोड्यानं दोन्ही हातांची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली. आवाज असा, की तळघरातून हाक मारली तर दुसऱ्या मजल्यावरचा पेशंट उशी सारखी करायचा. लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणत. मोठे डॉक्टर त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, तेही मावशीच म्हणत. खरा हक्क मात्र एकाचाच होता. त्यांची बहीण चार वर्षांचा मुलगा मागे ठेवून गेली, आणि मावशींनी तो वाढवला. धुलाईच्या मागच्या दोन खोल्यांत तो लहानाचा मोठा झाला. गुटगुटीत होता म्हणून त्याला सगळे ढब्बू म्हणायचे. इस्त्री करून ठेवलेल्या गरम चादरींच्या ढिगात तो झोपलेला असायचा आणि त्याला उठवायचं नाही म्हणून वॉर्डांना चादरी उशिरा जायच्या. मी तक्रार केली होती. मला आठवतं, लेखी केली होती.

मावशींचं काम पाहण्यासारखं होतं, हे शत्रूलाही मान्य करावं लागेल. "रक्ताला आधी गार पाणी," ही त्यांची पहिली शिकवण. गरम पाणी घातलं की रक्त कापडात घर करतं. म्हणून आधी गार हौद, मीठ, चोळणं, आणि मग भट्टी. भट्टी म्हणजे तांब्याची एक अवाढव्य कढई, खाली जाळ, आणि मावशींच्या हातात वल्ह्याएवढं लाकूड. भट्टीत टाकण्याआधी प्रत्येक चादर झटकायची, प्रत्येक खिसा उलटा करायचा. त्या खिशांतून सुया निघाल्या आहेत, कात्र्या निघाल्या आहेत, एकदा एका आजोबांची कवळी निघाली, आणि ती द्यायला मावशी स्वतः वॉर्डात गेल्या तर आजोबा घरी जाऊन चार दिवस झालेले. घरी जाताना आजोबांना दात नसल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मावशींनी नर्सांना जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

मग लढाई सुरू झाली. एका बाजूला नदीकडचे, दुसऱ्या बाजूला टेकडीकडचे, आणि मधोमध आमचा रस्ता. कोण बरोबर आणि कोण चूक हे मला विचारू नका. दोघांच्याही गोळ्यांनी आमच्याच काचा फुटायच्या आणि काचा माझ्या भांडारात नव्हत्या. मोठे डॉक्टर जिवावर उदार होऊन दोन्हीकडच्या म्होरक्यांना भेटून आले. हॉस्पिटलाला हात लावायचा नाही, जखमी कुणाचाही असो, तो फाटकाच्या आत आला की पेशंट, आणि बंदुका बाहेर वॉचमनकडे. दोघांनीही मान डोलावली. तेवढं त्यांनी पाळलंही. जखमी आला की त्याचे कपडे उतरवून हॉस्पिटलचे चढवायचे. एकदा ते चट्ट्यापट्ट्यांचे कपडे अंगात आले की नदी कुठली आणि टेकडी कुठली.

पण भिंतीच्या आतला करार रस्त्यावर चालेना. पांढऱ्या फडक्याची अब्रू केव्हाच गेली होती. पळणारे पांढरं फडकं दाखवायचे, शरण येणारे दाखवायचे, आणि पांढऱ्या चादरीखाली बंदुका नेणारेही तेच दाखवायचे. आमच्या गाडीवरची खूण तर धान्याच्या ट्रकांनीसुद्धा रंगवून घेतली होती. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. नाक्यावरचे लोक आधी गोळी घालायला लागले आणि मग चौकशी करायला. गाडीची काच दोनदा फुटली. एक नर्स बाळंतिणीला बघायला निघाली होती, पांढऱ्या गणवेशात, भर दुपारी, आणि तिच्या खांद्यातून गोळी गेली. ती वाचली. पण त्यानंतर कुणी फाटकाबाहेर पाऊल टाकेना. तीन गल्ल्या पलीकडे बायका अडल्या होत्या, म्हातारी माणसं इन्शुलिनवाचून पडून होती, आणि आम्ही आत बसून घड्याळ बघत होतो.

आणि तिसऱ्या महिन्यात मावशींच्या हातून ती चूक झाली.

त्या सकाळी बाजारात तोफगोळा पडला होता. एकतीस जखमी आले. चादरींचे डोंगर तळघरात आले, आणि मावशींच्या दोन मदतनीस बायकांपैकी एक गाव सोडून गेलेली. मावशींनी गार हौद केला, मीठ केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा ढीग न झटकता भट्टीत टाकला. त्या ढिगात नदीकडच्या कुणा पोराचा दंडाला बांधायचा लाल पट्टा होता. कोराकरकरीत, पहिल्या पाण्याचा. त्यानं जीव तोडून रंग सोडला. मावशींनी लाकूड घातलं आणि वर काढलं तर चौसष्ट चादरी, एकोणीस अॅप्रन, पेशंटचे सगळे कपडे, आणि मोठ्या डॉक्टरांची टोपीसुद्धा, झाडून सगळं गुलाबी.

मला बोलावणं आलं. मी गेलो, पाहिलं, आणि हसलो. माणसानं कधी हसू नये याचा नियम असता तर तो तिथे लागू झाला असता. मावशी पालथ्या बादलीवर बसल्या होत्या आणि रडत होत्या. वीस वर्षांत मी त्यांना शिव्या देताना, ओरडताना, एकदा तर मला साबणाची वडी फेकून मारताना पाहिलं होतं. रडताना नाही.

"ब्लीच द्या, भाऊ," त्या म्हणाल्या.

"ब्लीच पिण्याच्या पाण्याला ठेवलंय, मावशी. ऑपरेशनच्या खोलीला ठेवलंय. एक डबा उरलाय."

त्या भांडल्या नाहीत. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अख्खं हॉस्पिटल गुलाबी झालं. मोठे डॉक्टर सहा फूट उंच, मिशा झुबकेदार, आवाज घोगरा, आणि अंगात बाळंतविड्याच्या रंगाचा अॅप्रन. पेशंट टाके धरून हसले. त्याच दुपारी टेकडीकडून निरोप आला, एक बाई अडली आहे, दोन दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, मी जातो. ड्रायव्हरनं गाडीच्या टपावर बांधायला पांढरी चादर शोधली, ती कुठून मिळणार? गुलाबीच बांधली. टेकडीच्या नाक्यावर गाडी थांबली. आत डोकावणाऱ्या माणसानं बंदूक रोखली होती. त्यानं डॉक्टरांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि तो हसला. हसणाऱ्या माणसाचं बोट चापावर राहत नाही. त्यानं इतरांना हाका मारल्या, या, बघा. चौघं हसले. त्यांतल्या एकाचा भाऊ आमच्याकडे तीन आठवडे राहून, बरा होऊन, नुकताच घरी परत गेला होता. तो म्हणाला, "ही हॉस्पिटलचीच माणसं आहेत. असला रंग दुसरा कोण घालेल?"

त्या एका वाक्यावर पाच महिने निघाले. लालही नाही आणि पांढराही नाही, कुणाच्याच पट्ट्याचा नाही, असा रंग. त्याची नक्कल करायचीही कुणाला लाज वाटावी. दोन्ही नाक्यांवर बोलबाला झाला, गुलाबीवाले आले, सोडा. खांद्याला गोळी लागलेली नर्स पुन्हा बाहेर पडली. बाळंतपणं झाली, पोरांना लसी टोचल्या गेल्या, म्हातारी माणसं वेळेवर इन्शुलिन घेऊ लागली. पाच महिन्यांत गुलाबी कापडावर एक गोळी नाही. आणि मावशी, ज्या त्या रंगाच्या शरमेनं आठवडाभर तळघरातून वर आल्या नव्हत्या, त्या आता गच्चीवर चादरी वाळत घालताना भर रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. तो लाल पट्टा त्यांनी जपून ठेवला होता. रंग फिका पडला की पुन्हा उकळायला.

पण चांगल्याला दृष्ट लागतेच. या वेळी ती घरातलीच लागली.

ढब्बू आता चोवीस वर्षांचा होता. गुटगुटीतपणा गेला होता, गाल आत गेले होते, आणि नदीकडच्या तीस माणसांचा तो म्होरक्या होता. ती माणसं त्याला दादा म्हणत. एका सकाळी नऊच्या सुमाराला तो दोन माणसं घेऊन आला. बंदुका नियमाप्रमाणे वॉचमनकडे ठेवल्या आणि तळघरात उतरला. माझं भांडार धुलाईला लागून, मधे फक्त फळ्यांची भिंत. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं, आणि मी म्हटलंही नव्हतं.

"मावशी, आठ अॅप्रन दे," तो म्हणाला. "आणि गाडीवर बांधायला एक चादर."

"कुणाला लागलंय? इकडे घेऊन ये ना."

"कुणाला लागलेलं नाही. टेकडीचा नाका ओलांडायचाय. एकदा पलीकडे गेलो की पूल आमचा. एकदाच हवेत, परत आणून देतो."

मावशींनी भट्टीतलं लाकूड काढून बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"ढब्बू," मावशी म्हणाल्या, त्याच्या माणसांसमोर, "सगळं गुलाबी करायला ते लाल फडकंसुद्धा भट्टीत एकदाच गेलं होतं."

"मावशी, मी मस्करी करत नाहीये. पूल घेतला तर लढाई महिन्यात संपेल. किती माणसं वाचतील सांग."

"आणि परवापासून आमची नर्स कोणत्या रंगात बाहेर पडेल, ते तू सांग."

त्यानं आवाज चढवला. "उद्या याच वेळेला येतो. घडी घालून ठेव. नाहीतर गच्चीवरच्या दोरीवरून काढून नेईन. आणि बाहेर कुठं बोलू नकोस. बोललीस तर टेकडीवाले मला नाक्यावरच उडवतील. ते तुला चालेल का?"

तो गेला. मी भांडारातून धुलाईत आलो. मावशी उभ्याच होत्या. मी म्हटलं, अॅप्रन लपवून ठेवू, माझ्या कुलपात. त्या म्हणाल्या, सगळ्या चादरी, सगळे पेशंट, सगळे कुठे लपवाल? मोठे डॉक्टर आले, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नदीच्या मोठ्या म्होरक्याला भेटतो, पण तो शहराबाहेर आहे, दोन दिवस लागतील. दोन दिवस नव्हते. दिले तर हॉस्पिटल संपणार. नाही दिले तरी तो नेणार, आणि मग तेच. टेकडीवाल्यांना कळवावं, तर अंगाखांद्यावर वाढवलेलं पोर मरणार. इकडे आड आणि तिकडे विहीर.

मावशी दोन्ही हात कमरेवर ठेवून भट्टीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमच्याकडे नीळ किती आहे?"

नीळ म्हणजे पांढऱ्या कपड्यांना द्यायची. पाच महिन्यांत हॉस्पिटलात पांढरं उरलंच नव्हतं, म्हणून मागच्या वर्षाचा सगळा साठा तसाच पडून होता. "एकेचाळीस डबे," मी म्हटलं, आणि सवयीनं पुढे म्हणालो, "पण मागणीचा कागद..."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी किल्ली काढून दिली. वीस वर्षांच्या नोकरीत भांडाराची किल्ली मी दुसऱ्याच्या हातात दिली ती त्या दिवशी.

एका बादलीत त्यांनी गुलाबी फडकं बुडवलं. निघालं ते जांभळं, पण डागडागांचं, जणू कुणी मार खाल्लेला. "मीठ जास्त, आणि एकसारखं हलवत राहायचं," त्या म्हणाल्या. दुसरं फडकं निघालं ते झकास जांभळं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या डोक्यात जरा उशिरा पडला, पण पडला.

मग जे झालं ते मी पुन्हा कधी बघणार नाही. मावशींनी अख्ख्या हॉस्पिटलचे कपडे उतरवले. "काढा, काढा, लाजायला वेळ नाही." डॉक्टर बनियनवर राउंड घेत होते. पेशंट पडदे गुंडाळून बसले होते, आणि एक टेकडीवाला आणि एक नदीवाला मिळून एकाच पडद्यात, कारण पडदे कमी पडले. हातपाय धड असलेला प्रत्येक माणूस हौदाशी होता. मी, भांडारपाल, ढोपरापर्यंत निळीत उभा राहून चादरी हलवत होतो, आणि मावशी माझ्या मागून ओरडत होत्या, "हलवा भाऊ, हलवा, रजिस्टर भरताय का?" दुपारच्या कडक उन्हात गच्ची जांभळी झाली. चार वाजेपर्यंत हॉस्पिटलात गुलाबी फडकं उरलं नाही. फक्त आठ अॅप्रन मावशींनी स्वतः बाजूला काढून ठेवले, आणि त्यांना कडक इस्त्री केली.

इकडे डॉक्टरांनी दोन पत्रं लिहिली, शब्द न शब्द सारखी. उद्या सकाळी सहापासून गुलाबी रंग आमचा नाही, आमचा रंग सोबतच्या तुकड्याचा. गुलाबीत कुणी दिसला तर तो हॉस्पिटलचा नाही. ड्रायव्हर शेवटचा गुलाबी होऊन दोन्ही नाक्यांवर जाऊन आला. नदीच्या नाक्यावर पत्र ठेवून घेतलं. टेकडीच्या नाक्यावर त्याला विचारलं, का बदलताय? कोण येणार होतं गुलाबीत? त्यानं सांगितलं, "मी गाडी चालवतो. रंगाचं धुलाईत विचारा." नाक्यावरच्या माणसानं तुकडा खिशात घातला, पण हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. ही गोष्ट ड्रायव्हरनं परत येऊन सांगितली.

सकाळी नऊला ढब्बू आला. तीच दोन माणसं बरोबर. मावशी नव्या जांभळ्या झग्यात टेबलामागे उभ्या होत्या, आणि टेबलावर आठ गुलाबी अॅप्रन, घडी घातलेले. मी या वेळी भिंतीमागे थांबलो नाही, सरळ त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"घे," मावशी म्हणाल्या. "तुझेच आहेत."

त्यानं हात पुढे केला. मग त्यानं त्यांच्या अंगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग दाराबाहेरून जांभळ्या कपड्यांत जाणाऱ्या नर्सकडे.

"हा कसला रंग?"

"आमचा. आज सकाळपासून. दोन्ही नाक्यांवर पत्र गेलंय. गुलाबी आता कुणाचाच नाही. हे घालून पुलाकडे गेलास तर तुला दोन्हीकडून गोळ्या बसतील."

"तू माझं नाव सांगितलंस?"

"कुणाचंच नाव सांगितलं नाही."

"मावशी, तू मला फसवलंस." रागानं म्हणाला असेल, पण मला ते चार वर्षांचं पोर दिसलं.

"फसवायचं असतं तर गप्प बसले नसते का?" मावशी म्हणाल्या. "अॅप्रन दिले असते, जा म्हटलं असतं, आणि संध्याकाळी तुझे कपडे धुवायला घेतले असते. गार पाण्यात. तेवढं करायचं नाही मला, म्हणून सांगतेय. तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

ढब्बू म्हणाला, "मग जांभळे दे."

"घेऊन जा. उद्या हिरवे करीन. परवा पिवळे. तुझ्या गोळ्या संपतील, माझ्या भट्टीतले रंग संपायचे नाहीत."

ती शुद्ध थाप होती. भांडारात नीळ शिल्लक होती तीन डबे, ती नुसती होता तो रंग टिकवायलाही पुरली नसती. हिरवा नाही, पिवळा नाही, काही नाही. ढब्बूला ते माहीत नव्हतं, पण कुणाला विचारायचं ते त्याला बरोबर माहीत होतं. लहानपणापासून त्यानं मला साठ्याचा आकडा कधी चुकीचा सांगताना पाहिलेलं नव्हतं. तो माझ्याकडे वळला.

"काय हो, आहेत रंग?"

सगळं हॉस्पिटल माझ्या जिभेवर येऊन बसलं. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पोत्यांनी," मी म्हणालो. "ठेवायला जागा नाही."

त्याच्या मागच्या दोघांतला एक जण पुढे आला. मागच्या वर्षी आमच्याच इथे त्याचा पाय वाचला होता, मी त्याला ओळखलं. तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, उद्या आपल्यालाच लागलं तर कुठं जायचं?" ढब्बूनं त्याच्याकडे बघितलंही नाही. अॅप्रनच्या ढिगाला एक धक्का दिला, ते खाली पडले, आणि तो जिना चढून गेला.

पण आमची परीक्षा अजून व्हायची होती. साडेदहाला गाडी निघायची होती. टेकडीपलीकडून ऑक्सिजनची नळकांडी आणायची होती, आत फक्त दोन उरली होती. गाडीत ड्रायव्हर, मोठे डॉक्टर आणि तीच खांद्याची नर्स. टपावर जांभळी चादर. नाक्यानं कालच्या पत्राला हो म्हटलेलं नव्हतं. आम्ही सगळे गच्चीवर गेलो. कुबड्यांवरचे पेशंटही आले. गाडी चौक ओलांडून सावकाश पुढे गेली आणि नाक्याच्या आडव्या बांबूपुढे थांबली. दोन माणसं बाहेर आली. एकानं गाडीभोवती फेरी मारली. डॉक्टर दार उघडून खाली उतरले, सहा फुटी, मिशांसकट जांभळे. नाक्यावरच्या माणसानं खिशातून काहीतरी काढलं, ते डॉक्टरांच्या बाहीला लावून पाहिलं. तो कापडाचा तुकडा होता.

बांबू वर गेला.

गच्चीवर जो आरडाओरडा झाला तो नदीपर्यंत गेला असणार. कुबड्या हवेत उडाल्या. मी मेट्रनबाईंना मिठी मारली, ज्यांनी माझ्याशी दोन वर्षं अबोला धरला होता, आणि त्यांनीही मारू दिली. मावशी मात्र त्या घोळक्यात नव्हत्या. त्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, नदीच्या बाजूला, कठडा घट्ट धरून खाली बघत होत्या. मी गेलो. खालच्या गल्लीत ढब्बू आपल्या माणसांबरोबर उभा होता. तिथून नाका दिसत होता, बांबू वर जाताना त्यानंही पाहिला होता. तो पुलाकडे वळला नाही. आल्या वाटेनं परत निघाला, आपल्या पायांनी, धडधाकट.

"गेला," मावशी म्हणाल्या. "भाऊ, जिवंत गेला हो!" आणि त्या हसत हसत रडायला लागल्या, आवाज न दाबता, सगळ्या गच्चीला ऐकू जाईल असं. मीही रडलो. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, भर सकाळी, चारचौघांत.

लढाई पुढे आणखी सात महिने चालली. त्या सात महिन्यांत जांभळ्या कापडावर एकही गोळी आली नाही. निळीचा रंग टिकत नाही, दर धुण्याला विटतो, म्हणून चोरीला गेलेला अॅप्रन चार दिवसांत ओळखू यायचा, आणि आमचे मात्र मावशींनी ताजे ठेवले. तीन डब्यांत ते कसं केलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पुढे दोन्ही नाक्यांवरून माणसं आपण होऊन निळीचे डबे पाठवू लागली, ते मी पावती न देता घेतले.

आणि त्या सकाळनंतर बाराव्या दिवशी दुपारी फाटकाशी एक हातगाडी आली. ओढणारे दोघे नदीकडचे, ढब्बूचे. गाडीवर टेकडीकडचा एक माणूस, पोटात गोळी लागलेला, शुद्ध हरपत चाललेली. आपल्याच गोळीनं पडलेला शत्रू ते दोन मैल ओढत आणत होते. त्यांनी न सांगता बंदुका वॉचमनकडे दिल्या.

"मावशी कुठं आहेत?" त्यांतला एक घाम पुसत म्हणाला. "दादानं सांगितलंय, जो पडेल तो त्यांचा. त्यांच्याकडे पोचवा."

मावशींना बोलावलं. त्या जिन्यावरून धावत वर आल्या, ओल्या हातांनीच त्या माणसाचं डोकं उचललं आणि आत घ्या, आत घ्या म्हणून ओरडू लागल्या. तो माणूस वाचला.